भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

भाद्रपदात आमच्या मळवलीला धुकं पायरीपर्यंत येतं. आषाढातलं धुकं पावसाच्या धामधुमीत असतं, त्याला कुणाकडे बघायला सवड नसते. भाद्रपदातलं मात्र निवांत असतं, पाहुणा म्हणून येऊन घरातलाच होऊन बसलेल्या माणसासारखं. खाचरांमध्ये भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलेलं असतं आणि त्याचा कोवळा वास ओल्या हवेत जड होऊन राहतो. विसापूरचा डोंगर सकाळपासून गायब असतो. मग मधेच पाच-सात मिनिटं तो उघडतो, उतारावरची सोनकी पिवळीधमक दिसते, आणि बघता बघता सगळं परत मिटतं. ह्याला आमच्या घरात उघडीप म्हणत. पावसाची नाही, धुक्याची. "बाई, उघडीप!" असं ओरडत आमचे हे पडवीतून अंगणात यायचे. एका हातात काळा कॅनव्हास, दुसऱ्या हातात चिंधी, आणि पायात चप्पल असेलच असं नाही.

परवा सकाळी तशी उघडीप आली. मी तांदूळ निवडत होते. ताट बाजूला सारून मी पडवीकडे वळले, ह्यांना हाक मारायला तोंडही उघडलं. दोन वर्षं होतील आता त्यांना जाऊन. पण सवयीला हे कुणी सांगायचं?

मी ओढ्यापलीकडच्या वाडीत प्राथमिक शाळेवर मास्तरीण होते, म्हणून गाव मला बाई म्हणतं. हेही बाईच म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग तेच नाव पडलं. ह्यांना गाव पेंटरभाऊ म्हणे. देहूरोडच्या लष्करी डेपोत हे रंगारी होते. गडद हिरव्या लाकडी खोक्यांवर पांढरी अक्षरं आणि आकडे उमटवायचे. पत्र्याचा साचा ठेवायचा, ब्रश फिरवायचा, साचा उचलायचा, पुढचं खोकं ओढायचं. सगळी नोकरी ह्यात गेली. "खोक्यात असतं तरी काय हो?" मी नवी नवरी असताना विचारलं होतं. "आमाला कुटं म्हाईत? आमचं काम वरच्या नावापुरतं," असं म्हणून हे जेवायला बसले.

सकाळी आम्ही दोघं एकदमच घराबाहेर पडायचो. कोपऱ्यावरच्या उंबरापाशी वाटा फुटायच्या. हे स्टेशनाकडे, मी बांधावरून ओढ्याकडे. पावसाळ्यात माझ्याकडे मोठी काळी छत्री असायची, लाकडी मुठीची. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात घेतलेली ती छत्री मी निवृत्तीपर्यंत वापरली. कापड दोनदा बदललं, मूठ तीच. बांध निसरडा, शाळेची घंटा डोक्यात, एका काखेत पाटीदप्तर. उंबरापाशी "येते हं" म्हटलं की मी निघाले. मागे वळून बघायची चैन मला परवडणारी नव्हती.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवून बसतात. ह्यांनी चित्रं काढायला घेतली. मी कौतुकानं जाड पांढरा कागद आणि रंगपेटी आणून दिली. दोन दिवस हे त्या कागदासमोर नुसते बसून राहिले.

"पांढरं बगितलं की हातच बिचकतो माझा," शेवटी म्हणाले. "काळं असलं की कसं, निम्मं चित्र आधीच झाल्यालं असतं."

मग मांजरपाट आला. हे चौकटीवर कापड ताणून खिळे मारायचे आणि त्यावर काळा रंग द्यायचं काम माझ्याकडे. "लोकांच्या बायका नवऱ्याच्या तोंडाला काळं फासत्यात, तू आपली कापडाला फास," असं वर ऐकवायचे. मीही कमी नव्हते. म्हणायचे, कापड तरी निमूट बसतं.

काळं पक्कं वाळलं की ह्यांचा खेळ सुरू. पांढरा तैलरंग बोटावर घ्यायचा, त्यात नखभर निळा नाहीतर करडा, आणि चिंधीनं कॅनव्हासवर पुसत न्यायचा. ब्रश जवळजवळ नाहीच. एक लांब फराटा, की झाली दरी. वरून दोन थोपट्या, की ढग. झाड मात्र हे कधीच रंगवत नसत. झाडाच्या भोवतीचं धुकं रंगवायचे, आणि मधे जे काळं उरायचं त्याचं झाड व्हायचं. डोंगराचं तेच, कौलाच्या घराचं तेच. मला हे उमजायला एक अख्खा पावसाळा लागला. मी विचारायची, "झाडाला कुठला काळा वापरलात?" आणि हे गालातल्या गालात हसायचे. "तूच दिल्याला काळा. मी हातसुदिक लावला न्हाई त्येला."

शनिवार-रविवारी हे लोकलनं लोणावळ्याला जायचे, तिथून जीपनं दरीच्या पॉइंटवर. आमच्या गावची कमलमावशी तिथं मक्याची कणसं भाजते. तिच्या शेगडीशेजारी हे स्टूल टाकून बसायचे. उघडीप आल्यापासून मिटेपर्यंत एक चित्र, असा ह्यांचा नेम. पर्यटक भोवती गोळा व्हायचे, मोबाइल पुढे करायचे. "अंकल, दो मिनिट में हो जाएगा क्या?" "दो मिनिट में तो चाय भी नहीं होती," हे म्हणायचे, आणि सात मिनिटांत दरी उभी करायचे. कुणी सूर्यास्त मागायचं, कुणी त्यात आपलं नाव लिहायला सांगायचं. नावाला हे ठाम नकार द्यायचे. नावं लिहून झाली म्हणायचे.

एक तक्रार माझी कायम असायची. ह्यांच्या चित्रात माणूस नसे. डोंगर, पाणी, घर, पण घरात कोणी नाही आणि वाटेवरही कोणी नाही. "अहो, एवढ्या मोठ्या मावळात एक माणूस दिसत नाही का तुम्हाला?"

"माणसाला येळ लागतो बाई. धुकं थांबत न्हाई तेवढं."

"मग घ्या की वेळ. कोण मागे लागलंय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी ते बोलून गेले. पुढे ते किती खरं धरलं जाणार आहे, हे मला काय ठाऊक?

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. सगळीच चित्रं काही जमत नसत. धुकं जास्त व्हायचं, दरी चिखल व्हायची. असं बिघडलेलं चित्र हे भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. जमलेली चित्रं खोलीकडे बघत असायची, बिघडलेली भिंतीकडे. आमच्या शाळेतल्या ओणव्या उभ्या केलेल्या पोरांसारखी. आमच्याकडे पावसाळ्यात तैलरंग लवकर वाळत नाही. तेव्हा संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी पडवीत जायची, टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवायची आणि भिंतीकडची चित्रं पुसून टाकायची. रंग निघून जायचा, खालचं काळं परत यायचं, दुसऱ्या दिवशी कॅनव्हास नव्यानं तयार. ह्यांनी मला पुसायला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ते आपोआपच ठरलं. जन्मभर फळा पुसलेल्या बाईला हे काम जमायचं नाही तर कुणाला?

आणि पुसताना मी चित्राकडे बघत नसे. फळा पुसतानाही मास्तरीण फळ्याकडे बघत नाही, वर्गाकडे बघते. मी पडवीच्या खिडकीतून बाहेर खाचरांकडे बघत हात फिरवायची. ह्यात माझा एक विचार होता. माणसाचं फसलेलं काम दुसऱ्यानं निरखून बघू नये. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून मी बघत नव्हते. मला वाटायचं, ही माझी मोठी समज आहे. आता वाटतं, एवढी समज नसती तर बरं झालं असतं.

त्या भाद्रपदात ह्यांची तब्येत ठीक नव्हती. छातीचं दुखणं जुनं होतं, त्यात उजवा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी घाटावर, पॉइंटवर जायला बंदी केली. कमलमावशीच्या शेगडीशेजारचं स्टूल रिकामं पडलं. हे घरीच पडवीत बसायचे आणि एकाच कॅनव्हासवर काम करायचे. सात मिनिटांत चित्र उरकणारा माणूस एकाच चित्रापाशी अकरा दिवस बसला. त्यावर पंचा टाकून ठेवायचे. "झाल्याबिगर बगायचं न्हाई," मला दम भरला होता. मी कशाला बघते? मला वाटलं, हात चालत नाही म्हणून वेळ लागतोय, आणि ते मला दिसू नये म्हणून पंचा.

त्याच दिवसांत माझी शाळेची छत्री दोनदा ओली सापडली, मुठीला चिखल. मी बोललेच. "डॉक्टरांनी सांगितलंय ना बाहेर भिजायला जाऊ नका? आणि माझी छत्री कशाला न्यायची?" हे अळीमिळी गुपचिळी.

अकराव्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले, "जमंना बाई." एवढंच. मी आमटी वाढली. मग आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कार्ल्याच्या फाट्यावर औषधं आणायला गेले. वाटेत वाऱ्यापावसानं झोडपलं. घरी आले तेव्हा हे गोळी घेऊन आतल्या खोलीत गाढ झोपलेले. दिवेलागणीला पडवीत गेले. खिडकीचं एक दार उघडं, कडी निसटलेली. पंचा खाली पडलेला. तो मी उचलून घडी घालून ठेवला. चित्र ठेवायचा लाकडी घोडा रिकामा होता आणि कॅनव्हास भिंतीला टेकवलेला, तोंड भिंतीकडे. मनाशी म्हटलं, शेवटी सोडून दिलं ह्यांनी. कालच म्हणाले होते, जमंना. उठल्यावर त्यांना ते परत दिसायला नको, म्हणून घाईनं चिंधी घेतली.

एका दिवसाचं चित्र एका हातात पुसलं जातं. हे जात नव्हतं. तीन वेळा चिंधी बुडवावी लागली, जोर लावावा लागला. खिडकीची चौकट ओली होती, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं, तेही मी बघत होते. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि हात आपला फळा पुसत होता.

चहाच्या वासानं हे उठले. पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. कॅनव्हास घोड्यावर होता, स्वच्छ, काळा.

"पुसलंस व्हय?"

"हो. तुम्हीच भिंतीकडे करून ठेवलं होतं ना?"

ह्यांनी खिडकीकडे हात केला. मग म्हणाले, "झड येत व्हती बाई. खिडकीची कडी बसंना माझ्याच्यानं. भिजू नये म्हनून फिरवून ठिवलं."

मला काय झालं ते आत्ता लिहितानाही नीट सांगता येत नाही. मी तिथंच जमिनीवर बसले. चिंधी हातातच होती. तिच्यावर करडा, पांढरा, थोडा पिवळा असा सगळा लगदा झालेला. हे माझ्याशेजारी बसले, आणि माझ्या हातातून चिंधी काढून घेतली. रागावले असते तर मी सुटले असते. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काळं तर ऱ्हायलंय ना जाग्यावर. च्या दे."

मी नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. काय होतं त्यात, सांगा तरी. "धुकं व्हतं. आपल्याकडं दुसरं काय असतंय?" एवढंच उत्तर. मी म्हटलं परत काढा, मी रोज कॅनव्हास तयार करते. त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो कापत होता. त्यानंतर ह्यांनी चिंधी हातात घेतली नाही. कार्तिकात, भात कापणीला आलं तेव्हा, एका सकाळी अंघोळीचं पाणी काढायला सांगून हे गेले. पाणी निवून गेलं बंबात.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. लोक समाधान करायला आले, म्हणाले सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मी मान हलवत होते. मला त्यांचं मरण सोसलं असतं. माणूस जातोच. मला सोसत नव्हतं ते ह्या हातानं केलेलं काम. शाळेत पोरं रडायची, बाई, माझं गणित उतरून घ्यायचं राहिलं होतं, तुम्ही आधीच पुसलंत. मी म्हणायची, लक्ष कुठं होतं तुझं?

तो कॅनव्हास मी टाकला नाही. पडवीत घोड्यावरच ठेवला. कधी दुपारच्या तिरप्या उन्हात त्याच्याकडे मान वाकडी करून बघायची. जुन्या फळ्यावर कसं, पुसल्यावरही कालपरवाची अक्षरं अंधूक दिसतात, तसं काही दिसेल म्हणून. दिसलं काहीच नाही. मी काम चोख करते.

परवा ती उघडीप येऊन गेली, त्याच दुपारी कमलमावशी आली. पदरात घेवड्याच्या शेंगा. तिचं पॉइंटवरचं गाऱ्हाणं ऐकलं, शेंगा ठेवून घेतल्या. चहा पिता पिता ती भिंतींकडे बघत होती.

"बाई, तुमचं चित्र कुटं लावलं वो? भाऊ गेल्यापास्नं इचारीन इचारीन म्हनते, पर धीर व्हईना."

"माझं? माझं कुठलं चित्र?"

"आता! त्ये छत्रीवालं. मला उभं केलतं की बांधावर, दोन येळंला. तुमचीच छत्री हातात दिली. म्हनले, कमळे, बाईसारकी चाल. म्या म्हनलं, तुमची बाई चालती कुटं, ती पळती."

मी कप खाली ठेवला. तिला म्हटलं, सगळं सांग.

कमलमावशीला सांगायला काय, आनंदच. तिला बांधावरून चालायला लावून ह्यांनी स्वतः स्टेशनाच्या फलाटावरचं बाकडं गाठलं होतं. तिथून आमचा बांध ओढ्यापर्यंत सरळ दिसतो. मला हे माहीत नव्हतं; त्या फलाटावरून मी नेहमी गाडी येते त्या बाजूला बघितलं. हे मात्र नोकरीच्या सगळ्या पावसाळ्यांत लोकलची वाट बघत तिथं उभे राहायचे आणि मी ओढ्यापलीकडे उतरेपर्यंत बघायचे. कमलला त्यांनीच सांगितलं हे. मला कधी नाही.

"पुरं झाल्यावर मला दाकवलं की. तुमी औषधाला गेलता तवा. समदं धुकं, खाली खाचरं, आन् मदी बांधावर तुमी. पाठमोऱ्या. छत्री मोठी, तुमी बारक्या. म्या म्हनलं, तोंड तरी काढायचं बायकोचं. तर म्हनले, कवा वळून बगितलंय का तिनं? आज दाकवतो म्हनले, आली की. हात लय कापत व्हता, पर चेहरा असा झालता त्यांचा…"

तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी तिला पडवीत नेलं. काळ्या कॅनव्हाससमोर उभं केलं आणि जे झालं ते सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती "आई गं" म्हणाली. मग मी विचारलं, "कुठे होते मी?"

कमलमावशीनं बोट पदराला पुसलं आणि कॅनव्हासवर टेकवलं. "हितं. न्हाई, जरा खाली. हा, हितं बगा. ही छत्री, आन् हितं तुमचे पाय."

"छत्रीला कुठला रंग होता?"

"काळाच की. छत्रीला दुसरा कुटला असतोय? कापडाचाच काळा व्हता तो. भवतीनं धुकं लावलं व्हतं, मदी तुमी आपसूक ऱ्हायल्या व्हत्या."

ती गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. तिनं दाखवलेल्या जागी बोट ठेवून. माझीच छत्री, माझाच पाठमोरा देह, मीच त्या कापडाला दिलेल्या काळ्यातून त्यांनी शिल्लक ठेवलेला. त्या दिवशी माझ्या चिंधीला तिथं पुसायला काही मिळालंच नसणार. मी अजून त्या कॅनव्हासवर आहे, जिथल्या तिथे. गेलं ते धुकं. ह्यांनी कापणाऱ्या हातानं अकरा दिवस माझ्याभोवती लावलेला उजेड तेवढा मी पुसून टाकला. "काळं तर ऱ्हायलंय ना जाग्यावर," असं ते म्हणाले होते, आणि मला वाटलं होतं, कापड वाचलं म्हणतायत.

सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी मोठ्यानं विचारलं, रिकाम्या पडवीत. मग रडले. सुनी पडवी, दारात घेवड्याच्या शेंगा तशाच पडलेल्या.

नंतर खिडकीची कडी नीट लावली. कॅनव्हास घोड्यावरून काढून समोरच्या भिंतीला टेकवला, तोंड माझ्याकडे करून, आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसले. बाहेर परत एकदा उजेडलं. विसापूर दिसत असणार. मी खिडकीकडे बघितलं नाही. ह्यांनी दाखवायचं म्हणून ठेवलेलं चित्र मी बघत होते.